दोन विमानांच्या मधले तास

मराठीत पत्ता लिहिताना आपण ‘मु. पो.’ लिहितो, म्हणजे मुक्काम पोस्ट. माणूस राहतो ते गाव आणि त्याचं पत्र येतं ते पोस्ट. मुक्काम आणि थांबा यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. बेळगावहून पुण्याला जाणारी एसटी निपाणीला थांबते, तो थांबा. खाली उतरून चहा प्यायचा, पण डोळा गाडीवर. दिंडी संध्याकाळी एखाद्या गावात पोचते, पथाऱ्या पडतात, चुली पेटतात, तो मुक्काम.

विमान कंपन्यांनीही हाच फरक केलाय, फक्त त्यांनी तो घड्याळावर बसवलाय. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधल्या विमानतळावर २४ तासांपेक्षा कमी वेळ असेल तर ते ट्रान्झिट किंवा कनेक्शन, म्हणजे आपला थांबा. त्याहून जास्त असेल तर स्टॉपओव्हर, म्हणजे मुक्काम. बोलताना आपण दोन्हीला स्टॉपओव्हरच म्हणतो. त्याने एरवी काही बिघडत नाही, पण तिकिटाचे नियम वाचताना बिघडतं.

हा लेख लिहायचं कारण साधं आहे. आपल्या मंडळातले तिघे या वर्षी शिकायला बाहेर जातायत आणि तिघेही पहिल्यांदाच एकटे विमानात बसणार आहेत. त्यांचे प्रश्न ऐकले तर सगळे दोन टोकांचे: इथून किती किलो नेता येतं, आणि तिथे उतरल्यावर घ्यायला कोण येणार. मधल्या सहा-आठ तासांबद्दल कुणी विचारत नाही. मी वाचलेल्या मराठी प्रवासवर्णनांतही मधला विमानतळ बहुतेक दोन ओळींत उरकतो. गेल्या उन्हाळ्यात मी ताईकडे इंग्लंडला गेले, मोपा–दोहा–लंडन, एकटीच, दोह्यात सात तास. तेव्हापासून मला वाटतं की सगळ्या प्रवासात नीट समजून घ्यायची जागा कुठली असेल तर तीच.

मुळात मध्ये थांबायचंच कशाला? पूर्वी याचं उत्तर सोपं होतं: पेट्रोल. १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजची लंडन–कराची सेवा सुरू झाली, तेव्हा त्या प्रवासाला आठवडाभर लागायचा आणि वाटेत कितीतरी ठिकाणी उतरावं लागायचं. १९३२ मध्ये याच मार्गासाठी शारजात धावपट्टी झाली आणि तिच्या शेजारी किल्ल्यासारखं तटबंदी असलेलं विश्रामगृह बांधलं गेलं. भारताकडे येणारे प्रवासी तिथे रात्र काढायचे. आज तिथे संग्रहालय आहे. म्हणजे आखातात उतरून पुढे जायची रीत आपल्याच वाटेवर सुरू झाली! त्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १९३२ला, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला विमान उतरवलं. ते टपाल इम्पीरियलच्या विमानाने लंडनहून कराचीला आलेलं होतं. माणसांच्या आधी आपल्याकडे पत्रांनी विमान बदललं.

पुढे ८ जून १९४८ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबून. आणि गोव्याची गोष्ट तर आणखी वेगळी. पोर्तुगीजांनी डाबोळीला विमानतळ बांधला आणि १९५५ मध्ये गोव्याची स्वतःची विमान कंपनी सुरू केली. पण भारताने गोव्याची नाकेबंदी केलेली. त्यामुळे तिथून बाहेरच्या जगात जायचं तर वाट कराचीवरून. मडगावचा माणूस बेळगावला यायच्या ऐवजी कराचीला जाऊन विमान बदलत होता, हे आज ऐकायला विचित्र वाटतं. त्या काळातलं आपलं दोहा म्हणजे कराची, असं म्हणायला हरकत नाही.

आता मात्र विमानं पंधरा-सोळा तास न थांबता उडू शकतात. मुंबईहून लंडन तर साधारण नऊ-दहा तासांचं अंतर. तरी आपण आखातात उतरतो, कारण आता थांबा पेट्रोलसाठी नसतो, माणसांसाठी असतो. एक साधा हिशेब बघा. एका विमानतळावर दोन-तीन तासांच्या आत ३० शहरांतून ३० विमानं आली आणि त्यानंतरच्या दोन-तीन तासांत दुसऱ्या ३० शहरांकडे ३० विमानं गेली, तर ३० गुणिले ३०, म्हणजे ९०० जोड्या तयार होतात. मोपाहून लिस्बनला रोज थेट विमान भरण्याएवढी माणसं मिळणार नाहीत. पण मोपाच्या विमानात लंडनचे दहा, लिस्बनचे चार, टोरांटोचे सात असे सगळे मिळून विमान भरतं. दोह्याला ते पांगतात. म्हणूनच रात्री दोन वाजता तिथे शनिवारच्या बाजारासारखी गर्दी असते आणि काही तासांनी तोच हॉल ओस पडलेला दिसतो. या येण्या-जाण्याच्या लाटा मुद्दाम आखलेल्या असतात.

याच्या मागे एक कायद्याची गंमत आहे आणि माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथे आहे. १९४४ मध्ये शिकागोला देशांनी एकत्र येऊन विमान वाहतुकीचा करार केला. तेव्हापासून एक गोष्ट ठरलेली आहे: कुठलीही कंपनी मनाला येईल तिथून मनाला येईल तिथे माणसं नेऊ शकत नाही. त्या त्या दोन देशांच्या सरकारांनी आपसात हक्क द्यावे लागतात. मग कतारच्या कंपनीला गोवा ते लंडन हा हक्क कोण देणार? कुणीच नाही. तिच्याकडे असतो भारत–कतार हा एक हक्क आणि कतार–ब्रिटन हा दुसरा. ती हे दोन तुकडे आपल्या घरात आणून जोडते आणि आपल्याला गोवा–लंडन म्हणून विकते. विमान वाहतुकीच्या भाषेत याला सहावं स्वातंत्र्य म्हणतात. म्हणजे आपल्याला जो एक प्रवास वाटतो तो कायद्याने दोन प्रवास असतात, आणि त्यांना जोडणारी वस्तू एकच: तिकीट. ही जोड कागदावर आहे, जमिनीवर नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच बुकिंग क्रमांकावर असू देत. तिकिटं शोधताना दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं मिळून आठ-दहा हजारांनी स्वस्त पडताना दिसतात. मोह होतोच. पण त्यात नक्की काय सोडतोय ते कळलं पाहिजे.

तिकीट एकच असेल तर मोपालाच दोन्ही बोर्डिंग पास मिळतात. बॅगेला लागणाऱ्या पट्टीवर शेवटच्या शहराचं नाव आणि दहा आकडी क्रमांक असतो. बॅग त्या क्रमांकावर एका विमानातून दुसऱ्यात जाते, तुम्ही तिला मध्ये हातही लावत नाही. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं सुटलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची. आणि एका तिकिटावर कंपन्या अशीच वेळ विकतात की त्या विमानतळाने ठरवलेल्या किमान वेळेत गेट गाठता येईल. तरी माझं मत विचाराल तर पहिल्यांदा एकटं जाताना किमान वेळेवर जाऊ नये. अडीच-तीन तास असावेत.

तिकिटं दोन असली की यातलं काहीच उरत नाही. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही वेळेवर आला नाहीत, एवढंच. खानापूर तालुक्यातल्या आमच्या ओळखीच्या एका मुलाचं असंच झालं. आखातातल्या एका विमानतळापर्यंत एक तिकीट, पुढे युरोपचं दुसरं. मध्ये चार तास, म्हणजे भरपूर, असं घरच्यांना वाटलं. पहिलं विमान दोन तास उशिरा सुटलं. उतरला तेव्हा कळलं की बॅग पट्ट्यावर येणार आणि पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे. पलीकडे जायचं तर त्या देशाचा व्हिसा. तो निघेपर्यंत युरोपचं विमान गेलं. नवीन तिकीट त्याच दिवशीच्या दराने घ्यावं लागलं. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले, आणि ते पैसे त्याच्या वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढून दिलेले होते. मुलाने यात काहीही गाढवपणा केला नव्हता. हे दोन तुकडे जोडलेले नाहीत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

याच्या उलट बाजूचा एक नियमही लोकांना माहीत नसतो. एका तिकिटावरचा पहिला तुकडा न वापरता दुसऱ्यापासून बसता येत नाही. समजा तिकीट मोपा–दोहा–लंडन आहे आणि तुम्ही काही कारणाने आधीच दोह्यात मावशीकडे आहात. तर तिथूनच बसू, असं नाही. पहिल्या विमानात गैरहजर राहिलात की पुढचं सगळं रद्द होतं.

आता व्हिसाचं. विमानतळावर आपण बाहेर पडलोच नाही तर व्हिसा कशाला, असं वाटतं. पुष्कळ ठिकाणी ते खरंही आहे. पण सगळीकडे नाही. अमेरिकेत ‘नुसतंच मधून जाणं’ हा प्रकारच नाही. तिथे उतरलेला प्रत्येक जण इमिग्रेशनसमोर उभा राहतो, मग पुढे मेक्सिकोला जायचं असलं तरी, आणि त्यासाठी व्हिसा हवाच. ब्रिटनमध्ये भारतीय पासपोर्टवाल्याला, काही सवलती सोडल्या तर, विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. युरोपातल्या देशांचे नियम वेगवेगळे आहेत आणि ते बदलतात, म्हणून ज्या देशात थांबा आहे त्याच्या वकिलातीचं अधिकृत पान तिकीट काढायच्या आधी बघायचं. एजंट म्हणाला म्हणून सोडून द्यायचं नाही.

आमच्या घरात हा फरक अगदी जेवणाच्या टेबलावर बसलेला असतो. मम्मी मडगावची. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या मुला-नातवंडांना, पोर्तुगालच्या कायद्याने तिथलं नागरिकत्व नोंदवता येतं. माझ्या मामेभावाने ते घेतलं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे त्याचा भारतीय पासपोर्ट गेला. ते बरोबर की चूक यावर आमच्याकडे दर नाताळात वाद होतो, तो इथे नको. पण आम्ही दोघं एकाच विमानात, शेजारच्या सीटवर बसून टोरांटोला निघालो आणि मध्ये लंडन असलं, तर तो व्हिसाचा विचारही करणार नाही आणि मला आधी माझा कागद तपासावा लागेल. आजोबा एक, आजी एक, शागुती एक, आणि विमानतळाच्या एकाच पांढऱ्या फरशीवर दोघांचे हक्क वेगळे.

हा कागद कुठे तपासला जातो? लंडनला नाही, मोपाच्या काउंटरवरच. कागद पुरा नसलेला प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो आणि त्याला स्वतःच्या खर्चाने परत आणावं लागतं. म्हणून काउंटरवरचे लोक संगणकावर टिमॅटिक नावाच्या यादीत तुमचा पासपोर्ट, व्हिसा आणि मधले थांबे टाकून बघतात. तिथे ‘नाही’ आलं की तुम्ही कितीही रडलात तरी विमान तुमच्याविना जातं. सगळ्यात दूरची सरहद्द अशी आपल्या गावाजवळ येऊन उभी असते.

इमिग्रेशनच्या अलीकडे आहोत म्हणजे आपण कुठल्याच देशात नाही, असा एक समज आहे. तो सिनेमामुळे झाला असावा. ‘द टर्मिनल’ (२००४) पुष्कळांनी पाहिलाय. त्या सिनेमाला ज्याच्यावरून कल्पना मिळाली तो मेहरान करीमी नासेरी हा इराणी माणूस १९८८ ते २००६ पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर राहिला. कागद नव्हते म्हणून पुढे जाता येईना, मागे जाता येईना. २०२२ मध्ये तो त्याच विमानतळावर वारला. लोक ही गोष्ट गमतीने सांगतात, मला त्यात गंमत दिसत नाही. पण तोसुद्धा ‘कुठेच नाही’ अशा जागी नव्हता, फ्रान्समध्येच होता. ट्रान्झिट भागातही त्या देशाचा कायदा चालतो. तुम्ही देशात शिरलेले नसता, पण कायद्यात शिरलेले असता.

आपल्यासाठी याचा अर्थ फार घरगुती आहे: खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या झाडाची. आता आपली आई, काकी, आंटी प्रेमाने डब्यात काय भरून देते? शागुतीचा मसाला, अनारसे. दोन्हीत खसखस. नुसतं विमान बदलायचं असलं तरी आखातातून जाताना ती बॅगेत नको. झोपेची, दुखण्याची, खोकल्याची काही औषधंही तिथे नियंत्रित आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी आणि औषध मूळ पाकिटातच असावं, आजीसारखं कागदाच्या पुडीत नको.

दुसरी घरगुती गोष्ट म्हणजे लोणचं. विमान बदलताना मधल्या विमानतळावर बहुतेक वेळा पुन्हा सिक्युरिटी तपासणी असते. २००६ मध्ये लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला, तेव्हापासून हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत द्रव नेता येत नाही. काही विमानतळांनी नवीन यंत्रं आल्यावर हे सैल केलंय, पण त्यावर विसंबू नका. आणि लोणचं द्रव की घन, हा वाद तपासणीवाल्याशी घालून उपयोग नाही. तेल दिसलं की ते द्रव. लोणचं मोठ्या बॅगेत, तीन पिशव्यांत बांधून. ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटली मात्र त्यांनी सील केलेल्या पिशवीत असेल तर चालते, सील उघडायचं नाही, पावती आतच ठेवायची. (ड्यूटी फ्री दुकानाचा जन्मही थांब्यातूनच झाला: आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर, १९४७ मध्ये. अटलांटिक ओलांडणारी विमानं तिथे पेट्रोलला थांबायची आणि प्रवाशांना करायला काही नसायचं.)

एकटं जाणं म्हणजे नक्की काय, हे मला दोह्यात बाथरूमला जायच्या वेळी कळलं. बॅग सांभाळायला कुणी नाही. अनोळखी माणसाला ‘जरा बघा हं’ म्हणायची आपली सवय तिथे चालत नाही. बेवारस बॅग दिसली की सुरक्षारक्षक येतात, आणि दुसऱ्याची बॅग सांभाळणंही धोक्याचंच. म्हणून खांद्यावर एकच पाठपिशवी असावी, तिच्यासकट सगळीकडे जाता आलं पाहिजे. झोप लागणार असेल तर पट्टा हातात गुंडाळून, मोबाईलवर दोन गजर लावून. गजर लावताना घड्याळ तिथल्या वेळेवर आहे ना ते बघा: दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई दीड तास. बोर्डिंग पासवरची वेळ नेहमी त्या त्या गावची असते. मोठ्या विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही, गेटही बदलतं, त्यामुळे दर अर्ध्या तासाने फलकाकडे बघायचं. आणि उतरल्यावर पहिलं काम कॉफी नाही, पुढचं गेट पायी किती लांब आहे ते बघून येणं. मग कॉफी.

शरीराचं म्हणाल तर विमानाच्या आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेसारखी विरळ असते आणि फार कोरडी. ओठ फुटतात, डोकं जड होतं. पाणी पीत राहायचं. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, तो शरीराला जरा सोपा जातो. परत पूर्वेकडे येताना दिवस आखडतो आणि झोपेचे हाल होतात.

बॅग आली नाही किंवा फुटून आली तर विमानतळ सोडायच्या आधी तिथल्याच काउंटरवर लेखी तक्रार करून तिची प्रत घ्यायची. १९९९च्या माँट्रियल करारात भारतही आहे. त्यानुसार नुकसानीची तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत लेखी द्यावी लागते. बॅगेच्या पट्टीचा छोटा तुकडा बोर्डिंग पासाला चिकटवून देतात, तो फेकू नका.

परतीच्या वाटेवर एक फरक लक्षात ठेवा. मुंबई किंवा बेंगळुरूमार्गे सांबऱ्याला येत असाल, तर भारतातल्या पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं आणि बहुतेक वेळा बॅगही तिथे पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून काढून, देशातल्या विमानासाठी पुन्हा द्यावी लागते, पट्टीवर बेळगाव लिहिलेलं असलं तरी. तेवढा वेळ धरूनच पुढचं विमान घ्या. थेट मोपाला उतरलात तर सगळं एकदाच उरकतं आणि बाहेर बेळगावची टॅक्सी मिळते. फक्त पावसाळ्याचे दिवस असतील तर चोर्ला घाट चालू आहे का, ते टॅक्सीवाल्याला आदल्या दिवशीच फोन करून विचारा.